वालधुनीच्या काठचा जुना वाद

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापूरला पोहोचते. या पट्ट्यात आपल्या समाजातील मंडळी येतात ती बहुधा व्यापाराच्या निमित्ताने. कोणाचे दुकान, कोणाचा गाळा, कोणाचा लहानसा कारखाना. तीर्थयात्रेच्या यादीत ही गावे नाहीत. तथापि जग कोणी निर्माण केले, दुःख कोणाच्या कर्माने येते, जीव कशाला म्हणावे, या प्रश्नांचा विचार करावयाचा असेल, तर या तीन स्थानकांइतकी सोयीची जागा मला दुसरी ठाऊक नाही.

आरंभ अंबरनाथच्या शिवमंदिरापासून करणे योग्य. वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडात बांधलेले हे भूमिज शैलीचे मंदिर शिलाहार राजवटीतील आहे. छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणी ऊर्फ मामवाणिराजाच्या काळात पूर्ण झाले, असे मानतात. येथील शिलालेखातील शक प्रथम ७८२ असा वाचला गेला; पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी कमी झाले! आयुष्य खतावण्यांत घालविलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते. भाविकांच्या श्रद्धेत त्यामुळे काही उणे झाले नाही.

मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते, आणि खाली उभे राहून मान वर केली की शिखराच्या जागी आकाश दिसते. बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांची दाटी आहे. ज्यांनी हे घडविले, त्यांच्या मनात जगाला कर्ता आहे याविषयी शंका नव्हती. त्याच सुमारास हा विषय देशभरातील पंडितांच्या वादाचा होता. मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य मंदिराच्या दोनच पिढ्या आधीचे. 'न्यायकुसुमांजली'त त्यांनी ईश्वरसिद्धीची प्रमाणे मांडली. त्यांतील पहिले सर्वांना समजेल असे आहे: घट दिसला की कुंभार असलाच पाहिजे, पृथ्वी, पर्वत हीही कार्येच, तेव्हा त्यांचाही कोणी कर्ता असला पाहिजे.

आपल्याकडून याचे उत्तर त्याआधीच दिले गेले होते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, दिगंबर परंपरेतील आचार्य जिनसेनांनी 'आदिपुराणा'त कर्तृत्ववादाची कठोर परीक्षा घेतली. कोकणचे शिलाहार हे याच राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, हे लक्षात घ्यावे. जिनसेनांचा युक्तिवाद थोडक्यात असा: जग नव्हते तेव्हा कर्ता कोठे होता? साहित्यावाचून त्याने ते कसे केले? साहित्य आधीपासून होते म्हणावे, तर त्याला कर्ता लागला नाही, मग जगाला का लागावा? आणि जो पूर्ण आहे, त्याला काही निर्माण करण्याची इच्छा तरी का व्हावी?

पाठशाळेत आपण येथेच थांबतो आणि जिंकल्याचे समाधान मानतो. मला ते पुरेसे प्रामाणिक वाटत नाही. नैयायिकही परमाणू नित्यच मानतात. त्यांचा ईश्वर शून्यातून जग काढीत नाही, तो प्राण्यांच्या अदृष्टानुसार परमाणूंची रचना करतो. त्यामुळे साहित्याविषयीचा आक्षेप त्यांना फारसा लागत नाही. खरा पेच पुढे आहे, आणि तो आपल्या आचार्यांनी नेमका पकडला: ईश्वर कर्मानुसारच फळ देत असेल, तर तो कर्माच्या अधीन झाला, आणि कर्म स्वतःच फळ देण्यास समर्थ असेल, तर मध्ये त्याचे प्रयोजन काय? खगोलशास्त्र आज आपल्या विश्वाच्या विस्ताराचा आरंभ सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी मानते, परंतु त्याआधी काय होते यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. म्हणून विज्ञानाने कोणा एका बाजूने निकाल दिला, असे व्याख्यानांतून सांगणे घाईचे आहे.

अशा मंदिरात जैनाने कसे उभे राहावे, याचा धडा हेमचंद्राचार्यांच्या कथेत आहे. राजा कुमारपालासह ते सोमनाथाला गेले. तेथे त्यांनी नामाचा आग्रह न धरता, ज्याचे राग-द्वेष क्षीण झाले आहेत त्याला वंदन केले, असे प्रबंधांत सांगितले आहे. त्याच कुमारपालाचा जैन सेनापती आंबड याने कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन याला युद्धात ठार मारले, हेही प्रबंधच सांगतात. आपण पहिली कथा मुलांना सांगतो, दुसरी सहसा सांगत नाही.

मंदिरापासून वालधुनी खाली उल्हासनगरकडे वाहते. येथे दुसऱ्याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले. पत्ता मात्र आजही 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. पेढ्या, घरे, जमिनी मागे टाकून आलेल्या या लोकांनी बराकींतून बाजारपेठ उभी केली. व्यापारी माणसाला हे पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु लाखभर लोकांचे कर्म एकाच वर्षी उदयास कसे आले? आपल्या परंपरेत याला सामुदायिक कर्म म्हणतात आणि सगर चक्रवर्तीच्या साठ हजार पुत्रांचा दाखला देतात. पूर्वजन्मी एका गावातील चोरांनी यात्रेकरूंचा संघ लुटण्याचे ठरविले. पुढे ते गाव जळाले आणि तेच जीव कालांतराने सगरपुत्र होऊन एकदम दग्ध झाले. ही कथा सांगताना एक तपशील गळतो. त्या गावात एक कुंभार होता, ज्याने लूट करू नका म्हणून विनविले. तो वाचला आणि पुढे भगीरथ झाला. शिवाय हा वृत्तांत भगीरथानेच, स्वतःच्या कुळाविषयी, ज्ञानी मुनींना विचारला होता. घर गमावलेल्या परक्या माणसाला आपण होऊन त्याच्या पूर्वजन्मीचे पाप सुनावण्याची मुभा ही कथा कोणाला देत नाही. कर्मसिद्धांत प्रथम स्वतःच्या खात्याला लावावयाचा, असे मी समजतो.

उल्हासनगरहून पुन्हा कर्जतच्या बाजूची गाडी धरून बदलापूरला उतरावे. येथे उल्हास नदीचे पाणी अडवून बदलापूर-अंबरनाथला पुरविले जाते. पावसाळा सरल्यावर बंधाऱ्यापाशी उभे राहिले की अप्काय हा शब्द आठवतो. पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव एका कॅप्टनने सूक्ष्मदर्शकातून मोजले, हे वाक्य आपल्या कितीतरी पुस्तिकांत छापलेले असते. हा पुरावा येथे गैरलागू आहे. पाण्यात हालणारे सूक्ष्म जीव हॉलंडच्या लेव्हेनहुकने १६७४ मध्येच पाहिले. ते पाण्यात राहणारे जीव. अप्काय म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर आहे असे जीव, आणि हा भेद आचारांगात स्पष्ट केलेला आहे. पेशी, चयापचय, पुनरुत्पादन या विज्ञानाच्या कसोट्यांवर पाणी सजीव ठरत नाही. आपले आगम ते सजीव मानतात. हे दोन दृष्टिकोन ओढूनताणून एक करण्याची गरज नाही; एकमेकांसमोर ते तसेच राहू द्यावेत.

वालधुनीचे पाणी मात्र कोणत्याही दृष्टीने पाहवत नाही. रासायनिक उद्योगांचे आणि जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी तिला वर्षानुवर्षे मिळत आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन ओतले गेले आणि काठच्या वस्तीतील अनेकांना विषारी वायूमुळे रुग्णालयात न्यावे लागले. पाणी सजीव असो वा नसो, ती माणसे पंचेंद्रिय होती.

श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, आणि तळी-सरोवरे आटविणेही आहे. प्रतिक्रमणात आपण त्यांचा उच्चार करतो. रंगप्रक्रियेचा व्यवसाय असलेल्या एका स्नेह्यांनी गेल्या चातुर्मासात उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारले, "सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राला मी नियमित पैसे भरतो. त्यापुढे ते पाणी शुद्ध होते की तसेच नाल्यात जाते, याचे कर्म कोणाचे?" महाराजसाहेब म्हणाले, "करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, असे तीन प्रकार आहेत. तुमचा यांतला कोणता, हे तुम्हालाच ठरवावे लागेल."

स्नेही काही वेळ बोलले नाहीत. बाहेर पडताना त्यांनी मला विचारले, ते केंद्र आतून पाहावयाचे असेल तर परवानगी कोणाची लागते?