महाडची वाट आणि चौपदरी रस्ता

मुंबईहून महाडला निघालो की पळस्प्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला गेला. त्यानंतर कितीतरी मुदती उलटल्या. धूळ, खड्डे आणि वळणरस्ते यांतून आमच्या आयाबहिणींनी लेकरे मांडीवर घेऊन वर्षानुवर्षे क्रांतिभूमी गाठली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानीतला पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह बुडाल्या. नवा पूल मात्र जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे मनावर घेतले तर काम होते! पुढे कशेडी घाटात बोगदाही झाला आहे.

वाटेत लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लागते. महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. थोडे थांबून मुलांना ती जरूर दाखवावीत.

आणि चवदार तळ्याच्या काठी त्यांना हेही सांगावे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण सारे कागदावरच! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो पावले चालली, तेव्हा ते पाणी ओंजळीत आले.

कागदावरचा रस्ताही आपोआप पुरा होत नसतो. त्याचा हिशेब संघटितपणे मागणे हा आपला हक्क आहे.

जयभीम!