एका खोडाला किती वजू?

घरी आम्ही उर्दूत 'हम' म्हणतो, म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येते. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये.

मार्च महिना होता. सावद्यात मार्चपासूनच ऊन पाठीवर बसते. सातवीच्या उर्दू वर्गात सफाईचा धडा चालू होता. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वजू करीत, ही हदीस मुलांना सांगितली. एक मुद म्हणजे किती, असे मुलांनी विचारले. साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर, असे सांगून आम्ही एक मग आणि एक बादली मागवली. आधी एका मुलाने रोजच्यासारखा नळ सोडून वजू केला आणि खाली बादली ठेवली. मोजले तर सहा लिटर भरले. मग दुसऱ्याने मगभर पाण्यात केला. कोपरापर्यंत हात भिजले, पायही धुतले गेले आणि तळाशी घोटभर पाणी उरले. वर्ग हसला. पाच वेळा, घरात सहा माणसे, महिन्याचे तीस दिवस, असे गुणाकार फळ्यावर झाले. आम्हाला फार बरे वाटत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील केळीच्या बागेत कटाईला जातात. तो म्हणाला, "आपा, केळीच्या एका खोडाला किती वजू?"

उत्तर आम्हाला ठाऊक होते, कारण आमच्या घरी केळीच आहे. ऐन उन्हाळ्यात ठिबकवरच्या एका झाडाला दिवसाला वीस-बावीस लिटर पाणी लागते. म्हणजे रोजचे तीस वजू. आमची अडीच एकर, चार हजार खोडे. फळ्यावर लिहिले तेव्हा आकडा ऐंशी हजार लिटरच्या वर गेला, तोही एका दिवसाचा. त्या दिवशी आम्ही धडा लवकर संपवला.

केळीला दोष द्यावा असे आमच्या मनात नाही. तिनेच या गावाला घडवले. इथून केळीच्या वॅगनी दिल्लीकडे जातात आणि गावाचे पोट चालते. आमच्या बीएडची फीसुद्धा केळीच्याच पैशातून भरली गेली. पण रावेर आणि यावल तालुक्यांची नावे भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांच्या यादीत येत राहिली, तीही केळीमुळेच. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा, वाळूचा जाड पट्टा आहे. डोंगरावरचे पाणी तिथे मुरते आणि खाली आमच्या विहिरींना येते. डोंगर देतो त्यापेक्षा आम्ही जास्त ओढतो, एवढाच हिशेब आहे.

आमच्या घरचा हिशेब असा. सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, त्यांच्या वडिलांकडून नव्वद फुटांची विहीर मिळाली. ती उन्हाळ्यात आटू लागली तेव्हा तीनशे फुटांचे बोअर झाले. ते गेल्यावर साडेपाचशेचे. दोन वर्षांपूर्वी तिसरे घेतले. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला, नारळ उभा राहिला तिथे गाडी लावली. रात्रभर आवाज चालू होता. सातशे फुटांवर गेले तरी नुसता फुफाटा उडत होता. पहाटे फज्रला अब्बा घरी आले तेव्हा त्यांची दाढी त्या भुकटीने पांढरी झालेली होती. त्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

तरी आम्हाला जास्त टोचते ते वेगळेच. साडेपाचशेचे बोअर जोरात होते त्या वर्षी बांधापलीकडच्या काकांची विहीर कोरडी पडली. काका आमच्याकडे शीरखुर्म्याला येतात, त्यांच्याकडचे दिवाळीचे ताट आमच्याकडे येते. ते कधी काही बोलले नाहीत. नुसते एकदा अब्बांना म्हणाले, "भाऊ, तुमची मोटार बंद असली की माझ्या विहिरीत पाझर येतो." यावर काय बोलावे?

अब्बा फार शिकलेले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना हजरत सालेह (अ.) यांच्या उंटिणीचा किस्सा काढला. समूद लोकांना हुकूम होता की एक दिवस पाणी उंटिणीचे, एक दिवस तुमचे. लोकांना ती पाळी सोसवली नाही. अब्बा म्हणाले, "जनावराचीसुद्धा पाळी होती. काकांची नाही का?" धाकटे दीर उठून गेले. त्यांना चौथे बोअर हवे होते. तेही चुकीचे होते असे म्हणवत नाही, दोन मुलींची शिक्षणे त्याच बागेवर आहेत.

त्याच सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन रेल्वेने बुऱ्हाणपूरला गेलो. पाहुण्यांकडे जायचे होते, पण कुंडी भंडारा पाहायचा राहून गेला होता. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खान-ए-खाना सुभेदार असताना इराणी जाणकार तबकतुल अर्ज यांनी ही पाणीव्यवस्था बांधली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचे आणि निव्वळ उतारावर शहरापर्यंत आणायचे. वर ओळीने गोल कुंड्या आहेत, शंभराच्या वर. आत उतरलो तर भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, पायाखाली गार, वाहते पाणी. कुठे मोटार नाही. मुले गप्प झाली, हे विशेष.

परतताना गाडीत आमचे यजमान म्हणाले, "यात एक खुबी बघितली का? उतारावरचा बोगदा डोंगर देईल तेवढेच घेतो. कमी पाऊस, कमी पाणी. बोअरला मात्र बटण आहे." चारशे वर्षे ते पाणी वाहते आहे याचे कारण एवढे साधे असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. तापीचे पाणी याच पायथ्याच्या पट्ट्यात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी 2025 च्या मे महिन्यात करार केला. ती होईल तेव्हा होईल. पाऊस मात्र जूनमध्ये येणारच होता.

आम्ही दोन गोष्टी केल्या. अडीच एकरांतली दीड एकर केळी ठेवली, बाकी एकरात तूर घेतली. आणि जुन्या विहिरीशेजारी खड्डा काढून त्यात गोटे, खडी, वाळू असे थर भरले. शेताकडेचा पावसाचा ओहोळ त्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडला. पहिल्या जोरदार पावसात गाळणी तुंबली आणि अर्धा गाळ विहिरीत गेला. काढायला चार मजूर, तीन दिवस लागले. धाकट्या दिरांनी तेव्हा ऐकवायचे ते ऐकवले. खड्डा आता दर मृगाच्या आधी उपसायचा, हे शिकलो. काकांशी पाळी ठरली: एक दिवस आमची मोटार, एक दिवस त्यांची.

उत्पन्न घटले. गेल्या ईदला घरात नवे कपडे फक्त मुलांना झाले. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई दोन दिवस अब्बांशी नीट बोलल्या नाहीत.

अब्बा दर जुम्म्याला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी मोजतात आणि कॅलेंडरवर लिहितात. या एप्रिलमध्ये गेल्या एप्रिलपेक्षा चार गाठी जास्त भरल्या. काकांची विहीर यंदा आटली नाही. ते आमच्या खड्ड्यामुळे की चांगल्या पावसामुळे, हे सांगता येत नाही. दोन्ही असेल.

पण त्या चार गाठी पाहून धाकटे दीर म्हणू लागले आहेत की पाणी आहे तर मोकळ्या एकरात पुन्हा केळी लावू. बोर्ड भावही बरा चालला आहे. टिश्यूची रोपे नोंदवायची मुदत येत्या जुम्म्यापर्यंत आहे. अब्बा अजून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.