रंगाच्या भुकटीचा हिशेब

आमच्या विहाराच्या महिला मंडळाला १४ एप्रिलची पत्रके स्वतः छापायची होती. रंगीत लेझर प्रिंटर २२,००० रुपयांना मिळत होता. सगळ्या खूश! खजिनदार म्हणून मी टोनरचा भाव विचारला. काळा, आकाशी, किरमिजी, पिवळा असे चार डबे, प्रत्येकी ४,५०० रुपये. म्हणजे चारही बदलायचे तर १८,०००. आमची वर्गणी महिना २० रुपये, तीही बायांनी धुणीभांडी करून दिलेली.

डब्यावर '१,००० पाने' लिहिलेले असते. पण तो हिशेब त्या रंगाने पानाचा जेमतेम ५ टक्के भाग झाकेल असे धरून केलेला. आमच्या पत्रकावर तर बाबासाहेबांचे अर्धे पान छायाचित्र आणि भोवती गडद निळे. हा निळाही एका डब्यातून येत नाही, आकाशी आणि किरमिजी दोन्ही लागतात.

शेवटी एकरंगी लेझर घेतला. त्याची भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते, ओला हात लागला तरी अक्षर पसरत नाही. वंदनेचे कागद, मुलांच्या अभ्यासवर्गाचे प्रश्न त्यावरच निघतात.

शेजारची सूनबाई मात्र रुसली, "काकू, निळ्याशिवाय जयंती कसली?"

मग फिक्या निळ्या कागदाचे एक रीम आणले.