जुनी होडी

घराच्या खरेदीत मागील तीस वर्षांचे दस्त तपासणाऱ्या आम्ही होडी मात्र नुसता रंग पाहून घेतली. वैशाखात ती मांडवीच्या काठी कोरडी पडली होती. फळ्यांच्या सांध्यांत आम्ही तेलकट कापूस ठासून भरविला. "वकीलबाब, उदकांत लांकूड फुगता, ताका जागो जाय," असे म्हातारा तांडेल म्हणाला. आम्ही मानले नाही.

आठवड्याने भाच्यासह निघालो. दुपारी वारा चढला आणि फुगलेल्या फळीने गंजके खिळे उपटले. शीड उतरवून आम्ही वल्ही हाती घेतली, आठ वर्षांचा भाचा डब्याने पाणी उपसू लागला. "मामा, आपण बुडणार?" या प्रश्नास उत्तर देण्यास आमची सारी वकिली अपुरी पडली. सुदैवाने काठ जवळ होता.

पुढे तांडेलाने सुरीने फळी-फळी टोचून पाहिली. खाऱ्या पाण्याची बाजू टणक. कूज होती ती आत, पावसाचे गोडे पाणी साचे तेथे! तेवढ्या फळ्या बदलल्या, खिळे तांब्याचे घातले.

आता पावसाळ्यात होडी छपराखाली उपडी असते. भाचा अजूनही येतो. पण चढण्यापूर्वी वाकून तळ पाहतो, आमच्याकडे पाहत नाही.