कच्चतीवूचा धनी कोण?

रामेश्वरमच्या ईशान्येस सुमारे ३३ किलोमीटरवर, पाल्कच्या सामुद्रधुनीत, २८५ एकरांचे एक बेट आहे. तेथे वस्ती नाही, प्यायला गोडे पाणी नाही. आहे ते संत अंतोनीचे चर्च. या एवढ्याशा भूमीसाठी दोन देशांनी दप्तरे उपसली, हे आम्हांस प्रथम नवलाचे वाटले.

भारताची बाजू रामनाडच्या सेतुपती राजांची. बेट त्यांच्या जमीनदारीत मोडत असे आणि कापडाच्या रंगासाठी लागणाऱ्या मुळ्या तेथे खणण्याचे पट्टे एकोणिसाव्या शतकात तेथूनच दिले जात. श्रीलंकेची बाजू जाफन्याची: पोर्तुगीज आणि डच अंमलाचा वारसा, इंग्रजी अमदानीतील सिलोनचा दावा. १९२१ साली मद्रास व सिलोनच्या प्रतिनिधींनी मासेमारीची सीमारेषा आखली, तीत बेट सिलोनकडे गेले. पण त्या तडजोडीवर अंतिम मोहोर कधी उमटलीच नाही. ज्यांच्या कागदांवर दोन्ही पक्ष भिस्त ठेवीत, त्यांतल्या कोणीही तेथे राहून दाखवले नव्हते!

आणखी एक पुरावा पुढे येतो, तो आम्हां कॅथलिकांना अस्वस्थ करणारा आहे. चर्च जाफना धर्मप्रांताच्या देखरेखीखाली, म्हणून बेट श्रीलंकेचे; चर्च उभारले रामनाडकडच्या भाविकाने असे सांगतात, म्हणून ते भारताचे. वादळातून तारणाऱ्या संताला नवस बोलणाऱ्या कोळ्याने आपली मेणबत्ती उद्या सातबाऱ्याचा उतारा ठरेल, असे स्वप्नातही आणले नसेल.

जून १९७४ मध्ये इंदिरा गांधी व सिरिमाओ बंदरनायके यांच्या करारान्वये बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेले. भारतीय मच्छीमार व यात्रेकरू यांना पूर्वीप्रमाणे, व्हिसाविना तेथे जाता येईल, असे पाचव्या कलमात नमूद आहे. मासे धरता येतील, असे मात्र ते कलम म्हणत नाही. आणि १९७६ च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या पाण्यातील मासेमारी बंदच केली. तेव्हा आणीबाणी होती आणि तमिळनाडूचे सरकार बरखास्त झालेले होते. ज्यांच्या ताटातला घास जाणार होता, त्यांना विचारले कोणी? आमच्या मते खरी जखम येथे आहे. मुलूख दुसऱ्या देशास द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, असे बेरुबारी प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. त्यावर केंद्राचे उत्तर असे, की सीमाच निश्चित नव्हती, मग दिले काय?

परंतु केवळ बेट परत मिळाल्याने पेच सुटेल, असे आम्हांस वाटत नाही. तमिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात, आणि युद्धात होरपळलेले जाफन्याचे कोळी, तेही तमिळच, आपल्या फाटक्या जाळ्यांकडे पाहत राहतात. वसईच्या किनाऱ्यावर लहान होडी आणि ट्रॉलर यांचे वैर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

यादवी युद्धाच्या काळात खंडित झालेली यात्रा २०१० पासून पुन्हा भरू लागली. २०१६ च्या डिसेंबरात नवे चर्चही झाले. उपवासकाळाच्या सुमारास दोन्ही किनाऱ्यांवरचे लोक तेथे एकाच क्रूसाच्या वाटेवर चालतात. २०२४ साली मात्र मच्छीमारांच्या अटकांच्या निषेधार्थ रामेश्वरमच्या होड्या निघाल्याच नाहीत, आणि संत अंतोनीचा सण एकाच किनाऱ्याच्या लोकांनी साजरा केला.