इस्टेट

"इस्टेट न्यायला इस्टेट घेऊन आलास होय?" दादा ओटीवरूनच ओरडला. गाडी अंगणात पुरती थांबलीही नव्हती.

चूक माझीच. लांब, सपाट टपाच्या आणि मागे दार असलेल्या गाडीला इंग्लंडात इस्टेट म्हणतात, हे ज्ञान मागच्या खेपेला मीच त्याला दिलं होतं. आमच्या घरात इस्टेट म्हणजे जिच्यापायी दोन काकांनी वीस वर्षं एकमेकांच्या दारातलं पाणी घेतलं नाही ती. 2014 च्या मे महिन्यात त्या इस्टेटीची एकदाची वाटणी झाली. देवरुखजवळच्या घरातून माझ्या वाट्याला काय आलं, तर पणजोबांनी करवून घेतलेला आणि आजोबांनी उभा जन्म ज्यावर काढला तो झोपाळा.

गाडी होती इंडिगो मरिना, 2006 सालची. घेताना घरात कुणीही माझ्या बाजूने नव्हतं. सासरे म्हणाले, गाडीला मागे शेपूट हवं, त्याशिवाय ती गाडी वाटत नाही. मेहुण्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊजी, मागून शववाहिका दिसते." मी घेतली ती आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी. शेपटाच्या गाडीत खुर्ची आधी कमरेइतकी उचला, मग काठावरून खाली उतरवा. इथे दार वर गेलं की खुर्ची सरळ आत ढकलायची. पण हा शहाणपणा आपल्याकडे कुणाला रुचला नाही. 1992 मध्ये पुण्यातच टाटा इस्टेट निघाली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली. लोकांनी माना वळवून पाहिलं आणि शेपटाच्याच गाड्या घेतल्या. त्यात 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आणलं. मग काय, ज्याला त्याला गाडी आखूड करायची घाई. 2008 मध्ये खुद्द इंडिगोचंच शेपूट छाटून तिला चार मीटरच्या आत बसवलं. लांब गाडीला वालीच उरला नाही.

गावातले दोन दिवस आंबे आणि सह्या यांत गेले. तिसऱ्या दिवशी सुतारमामा आले.

माझ्याकडे टेप होती. फळी सहा फूट चार इंच. मागचं बाक पाडून पुढच्या खुर्चीपर्यंतची जागा पाच फूट सात. मी आकडे सांगितले. मामांनी टेपेकडे पाहिलंसुद्धा नाही. कनवटीची सुतळी काढून फळीवर धरली, गाठ मारली, मग मागच्या दारातून अर्धे आत शिरले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, "ह्या वैनींची खुर्ची पाडायला लागेल."

खुर्चीत माझी बायको बसली होती, आंबा चोखत.

"टपावर बांधू या की," मी म्हणालो.

"शंभर वर्सं सावलीत काढलेलं सागवान हाय. पुण्यापर्यंत उन्हात न्याल आणि मग मला फोन कराल, फळी पिळली म्हणून."

बायकोने कोय अंगणात भिरकावली, हात धुतले आणि पिशवी उचलली. "एसटी आहे की मला. फळीला नाही." दादाच्या स्कूटरवरून ती देवरुखच्या स्टँडवर गेलीसुद्धा. आठ वर्षांत या गाडीबद्दल ती एवढं कमी कधी बोलली नव्हती.

मामांनी डावीकडची पुढची खुर्ची सपाट पाडली, फळीला ओरखडे येऊ नयेत म्हणून काकूने दिलेलं जुनं पांढरं धोतर तिला गुंडाळलं, तीन ठिकाणी सुतळीने आवळलं. ती हलू नये म्हणून दोन बाजूंना दोन फणस. पितळी कड्या गोणपाटात, पायथ्याशी. वहिनीने वर मोगऱ्याचा गजरा ठेवला आणि डोळे पुसले. नवी नवरी असताना ती त्याच झोपाळ्याला धडकून पडली होती.

आंबा घाट चढताना एकटाच होतो, म्हणून डोकं नको तिकडे धावलं. अमेरिकेत याच गाडीला स्टेशन वॅगन म्हणतात. आगगाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना सामानासकट घरी पोचवायची म्हणून. इंग्लंडात जमीनदाराच्या मळ्यावरची, म्हणून इस्टेट. आपल्याकडे तिला नावच नाही, याचं मला वाईट वाटत होतं. घाटमाथ्यावर तेही मिळालं.

टपरीवर कांदाभजी तळत होती. फणसाच्या वासाने गाडीत बसवेना म्हणून मी मागचं दार वर केलं आणि बाकावर येऊन बसलो. चहावाल्याने गाडीकडे पाहिलं, मोबाइलवरचं गाणं बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली.

"लांब जायचंय?"

"पुण्याला."

"कोण?"

"आजोबांचा..." मी म्हणालो, पण 'झोपाळा' घशातच राहिला, कारण त्याने हात जोडले होते.

"वय?"

"शंभर तरी असेल." हे खरंच होतं.

"सोनं झालं मग." तो थोडा थांबला. "एकटंच नेताय?"

"बायको एसटीने पुढे गेली."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते. मग म्हणाला, "उन्हाचं बर्फ लागंल."

"नको. घट्ट आहे."

शेजारच्या बाकावरच्या पोराने नाक वर केलं. "फणसाचा वास येतोय का रं?" चहावाल्याने त्याला अशा काही डोळ्यांनी गप्प केलं की पोरगं कप घेऊन उभंच राहिलं. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण त्या माणसाचे हात अजून जोडलेले होते, आणि आता हसू त्याचं झालं असतं.

भज्यांचा घाणा नुकताच निघाला होता. सकाळपासून पोटात एक आंबा. पण आजोबांना गाडीत ठेवून नातवाने भजी मागायची कशी? दोन घोटांत चहा संपवला. पैसे काढले तर त्याने हात मागे घेतले. मी दार लावायला गेलो तेव्हा तो मागोमाग आला, घरंगळलेला गजरा उचलून नीट मधोमध ठेवला आणि गाडीला पाठ न दाखवता मागे सरला.

बायको माझ्याआधी तासभर घरी पोचली होती. निमआराम गाडीत खिडकी मिळाली होती तिला, आणि वाटेत भजीही.

झोपाळा बाल्कनीत लागला. कोकणात आम्ही आता कुंभार्ली घाटाने जातो. लांब पडतं.