मोडेन पण वाकणार नाही!

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. ‘वाकणे’ या क्रियापदाला आपल्या भाषेत फारसा मान नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. ताठ मान, ताठ कणा, ताठ बाणा; सारी प्रतिष्ठा ताठपणाची! ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे तर आमच्या घराण्याचे ब्रीदच. त्यापायी वडील आणि काका एका विहिरीच्या वाटणीवरून अठरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि माझा भाचा पगार घेतो तो वाकण्याच्या हिशेबाचा! पवनचक्कीचे पाते वाऱ्याने किती वाकेल, हे तो ते घडवण्यापूर्वीच संगणकावर पाहतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. समुद्रात उभ्या राहणाऱ्या अलीकडच्या मोठ्या चक्क्यांचे एकेक पाते १०० मीटरांहून लांब असते. एक टोक घट्ट धरलेले, दुसरे मोकळे. जोराचा वारा आला की ते मागे, मनोऱ्याकडे वाकते. मनोऱ्यावर आदळले तर कारभारच आटोपला!

पाती आखूड होती तेव्हा हिशेब सोपा होता. वाक थोडाच, तेव्हा पाते सरळच आहे असे धरून चालत. लांब पात्याला हे लागू पडत नाही. ते वाकते तसा त्याला पीळही पडतो. पीळ पडला की वारा निराळ्या कोनातून लागतो. त्याने जोर बदलतो, आणि जोर बदलला की पुन्हा वाक बदलतो. म्हणून संगणक पात्याचे लांबीने तुकडे कल्पून, वाक आणि जोर यांचा मेळ बसेपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा करतो. (आमच्या विहिरीच्या बाबतीत एवढा धीर कोणी धरला नाही.)

गंमत म्हणजे ही गणिते पारखायला चक्कीही कागदावरचीच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा कार्यक्रमाखाली २०२० साली १५ मेगावॅटची एक नमुना-चक्की मांडली गेली. पाते ११७ मीटर, वजन सुमारे ६५ टन. ती कोणी उभारलेली नाही. सर्वांना आपापले हिशेब ताडून पाहता यावेत म्हणून तिचे आकडे खुले ठेवले आहेत.

भाच्याने तिचे चित्र दाखवले. पाते टोकाशी चांगले ४ मीटर पुढे झुकलेले!

“अरे, हे तर आधीच वाकडं!”

“मुद्दाम, मामा. वाऱ्याच्या दिशेनं वाकवूनच घडवतात. वारा आला की तोच सरळ करतो.”

“आणि मुळीच वाकू दिलं नाही तर?”

“मग इतकं जाड करावं लागेल की, दर फेऱ्याला स्वतःच्याच वजनाचा ताण मुळाशी बसेल.”

मी म्हण काढणार, तोच त्याने पडद्यावर वादळ सुरू केले. रेघ वाकली, थरथरली, मनोऱ्याच्या अगदी जवळ आली आणि मागे फिरली.

“किती अंतर राहिलं रे?”

“पुरेसं आहे. पण मामा, वारा अजून वाढवायचाय.”